उधारीच्या वहीतील दारिद्र्य

दारिद्र्य म्हणजे किती रुपये, हा प्रश्न या देशात वारंवार तज्ज्ञांपुढे ठेवला गेला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी उष्मांकांचे माप लावून १९६०-६१ च्या किमतींनुसार माणशी वर्षाला खेड्यात १८० व शहरात २७० रुपये ही किमान खर्चाची मर्यादा मांडली. त्या आकड्यांनी राज्यकर्त्यांची झोप उडविली. चाळीस वर्षांनंतर, २०११ मध्ये, नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात दिवसाला शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये असा हिशेब सादर केला. हा आकडा राज्यकर्त्यांना सुखाने झोपता यावे यासाठीच काढला होता की काय, असे वाटावे! असो. रेषा कुठेही ओढली तरी एक गोष्ट तिच्यावरून कळत नाही : पगार दहा तारखेला होणारे घर महिन्याच्या पंचवीस तारखेला चूल कशी पेटविते?

ते कळण्यासाठी मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवालीची वही उघडावी लागते. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपे. त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लालबाग-परळच्या चाळींतील बायका करीत. त्यांतल्या कित्येकींचे नवरे आजारी, बेकार किंवा परागंदा झालेले. काहींचे नुसतेच व्यसनी. एके काळी, १९२०-३० च्या सुमारास, गिरण्यांतील कामगारांत पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे त्यांना खात्यांतून हळूहळू काढण्यात आले आणि त्यांतल्या अनेकींच्या हाती उरली ती चूल. कामगार पैसे देई महिन्याकाठी, पगार झाल्यावर. बाई धान्य उचले वाण्याकडून, उधारीवर. वाण्याची बाकी तुंबली की सावकार होताच. कामगाराच्या पगाराला झालेल्या प्रत्येक दिवसाच्या उशिराचे व्याज असे त्याच्याहून गरीब असलेल्या बाईच्या खात्यावर चढे.

१९७३-७४ च्या संपाने हे उघड केले. ४२ दिवस गिरण्या बंद राहिल्या आणि त्या काळात या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले. दागिने गहाण पडले, भांडी मोडीत गेली. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांच्या सभा नोंदविल्या जातात. ताटे किती वाढली याची नोंद कोणी ठेवीत नाही. कामगार चळवळीतील प्रेमाताई पुरव यांनी मात्र ही नोंद घेतली. १९७५ मध्ये त्यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या कम्युनिस्ट परंपरेतल्या होत्या, म्हणून समाजवाद्यांनी त्यांच्या कामाकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहावे, हा कोतेपणा ठरेल.

मंडळाने केलेले पहिले काम दानधर्माचे नव्हते. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना लागू होती. बँक म्हणे, तारण आणा. बायका म्हणत, आमची एकमेकींची हमी घ्या. बँकेने ती घेतली आणि वाण्या-सावकाराची साखळी पहिल्यांदा सैल झाली. येथे समाजाची एकजूट होती आणि सार्वजनिक पैसाही होता. दोहोंपैकी एक वगळले असते तर काय झाले असते, ते सांगायला १९८२ चा संप पुरेसा आहे. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. बेचाळीस दिवसांची उधारी शेजारधर्म पेलू शकतो. वर्ष-दीड वर्षाची कोणती चाळ पेलणार? कायमचे गावी परतलेल्या कामगाराची बाकी वहीतच राहिली.

आज हे सारे आठवण्याचे कारण आहे. गरीब बायकांच्या परस्पर-हमीचे गुणगान आता सगळीकडे चालते. पण ज्या हमीवर त्या काळी ४ टक्क्यांनी कर्ज मिळाले, तिच्याच जोरावर आज सूक्ष्मकर्ज कंपन्या वीस टक्क्यांहून अधिक व्याज घेतात. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांच्या दरांवरील मर्यादाही उठविली. सवलतीच्या व्याजाच्या योजनेसाठी बँकांनी एकूण कर्जाच्या एक टक्का रक्कम द्यावी असे ठरले होते. आज ते उद्दिष्ट कागदावरच आहे. एकीचा हप्ता चुकला की गटातल्या इतर बायका तिच्या दारात उभ्या राहतात. शेजारणीलाच वसुलीला पाठविण्याची ही युक्ती कोणत्याही सावकाराला सुचली नव्हती.

कार्यकर्त्यांची वृत्ती अडलेल्या घरी शिधा पोहोचविण्याची असते, आणि ती चांगलीच आहे. वह्या-पुस्तके, औषधाची चिठ्ठी, आठवड्याचे तांदूळ हे थांबविण्याचे कारण नाही. मात्र पिशवी देऊन परतण्यापूर्वी त्या घराची वही पाहावी : कोणाचे किती देणे आहे, व्याज काय, कोणती मजुरी थकली आहे आणि ती कोणी थकविली आहे. दहा घरांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की तोच ठेकेदार आणि तीच कंपनी पुन्हा पुन्हा दिसू लागते. ती यादी घेऊन त्या दहा घरांतील बायकांसह आधी ठेकेदाराकडे आणि मग राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जावे. व्यवस्थापक तारण मागेलच.