चिंध्यांचे मोल

जुने लुगडे टाकून देणे ही कल्पनाच मराठी गृहिणीस मान्य नव्हती. विरलेल्या नऊवारीच्या घडीत जुन्या धोतराचे थर भरले जात आणि धावदोरा घालून गोधडी सिद्ध होई. उरलेसुरले बोहारणीकडे जाऊन घरात एखादे भांडे येई. आज त्याच जुन्या साड्यांच्या काठांपासून बटवे, पर्स, कापडी दागिने तयार होतात आणि शहरांतील प्रदर्शनांत त्यांना मागणीही असते. हे स्वागतार्हच होय. मात्र ‘अपसायकलिंग’ असे परदेशी बारसे झाल्यावरच या कलेचे अप्रूप वाटावे, हे गमतीचे आहे!

खरा प्रश्न मोबदल्याचा आहे. काठ उसवणे, धुणे, विरलेला भाग वगळून धड तुकडे जुळवणे, अस्तर लावणे यांत नव्या कापडाच्या शिलाईहून अधिक वेळ जातो. तरीही ‘जुन्याचेच तर आहे’ म्हणत ग्राहक घासाघीस करतो आणि ती झळ शिवणाऱ्या भगिनीस बसते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ने जुने कपडे भीक म्हणून न वाटता गावकऱ्यांच्या श्रमांचा मोबदला म्हणून दिले. २०१५ मध्ये गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रमाला मान देणारी तीच दृष्टी बचत गटांच्या मालाबाबत हवी. बटव्याच्या चिठ्ठीवर किमतीशेजारी शिवणकामाचे तास लिहिण्यास गटांना काहीच खर्च येत नाही.