छोटं, जुनं आणि स्वस्त

आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जे भाऊ राहतात, त्यांना उतारवयात प्रेम जडलं आहे. वहिनींना याची कल्पना आहे. प्रेमपात्र मूळचं बर्मिंगहॅमचं, वय सत्तरीच्या पुढचं, बांधा आटोपशीर आणि रंग काळासावळा. ते सध्या पालघरच्या एका वृद्ध परवानाधारकाच्या कपाटात असतं. पॉइंट बत्तीस बोअरचं वेब्ली रिव्हॉल्व्हर!

डहाणू लोकलमध्ये भाऊ रोज त्याचे गुण गातात. गुण तीनच. छोटं आहे, जुनं आहे, स्वस्त आहे. मंडळी, कोकणातलं घर घेताना, सेकंडहँड स्कूटर घेताना आणि जावई निवडतानासुद्धा माणसं याच तीन शब्दांनी फसलेली आहेत. म्हणून मी या प्रकरणात विरोधी पक्षात आहे, आणि माझी बाजू इथे लेखी मांडून ठेवतो आहे.

आधी एक कबुली. असल्या वस्तूची भूल पडते हे मला मान्य आहे. चिंचणीच्या माझ्या मामांकडे असंच एक होतं. खटका दाबला की नळी पुढे वाकायची, सहा घरांची चकरी उघडी पडायची आणि रिकामी टरफलं एकदम टपटप बाहेर यायची. घड्याळजीच्या दुकानात लहान मूल जसं तासन्‌तास उभं राहतं, तसा मी ते बघत बसायचो. वस्तू सुबक होती यात वाद नाही. पण सुबक तर अडकित्ताही असतो, आणि तो उशाखाली घेऊन कोणी झोपत नाही.

आता 'स्वस्त' घ्या. आपल्याकडे 1980च्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हापासून आजोबांच्या काळातलं विलायती डबडंसुद्धा सोन्याच्या तोऱ्यात असतं. आणि देशी म्हणाल, तर जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात! एवढे पैसे जवळ असलेल्या बाईला रात्रीच्या शेवटच्या शटलने कशाला जावं लागेल? भाऊंना त्यांचं हे पात्र 'ओळखीत' स्वस्त मिळतंय म्हणे. पण वर परवाना, पोलीस चौकशी, काडतुसांचा हिशेब, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शिवाय निवडणूक जाहीर झाली की बहुतेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. आपल्याकडे निवडणुका किती होतात ते तुम्ही जाणताच. म्हणजे पाळायचं आपण आणि नांदायचं ठाण्यात!

'जुनं' हा तर गुण नव्हेच. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा भरल्या काडतुसावर टेकलेला असतो. हातातून फरशीवर पडलं, घोड्यावर आपटलं, की चाप न ओढताच बार! म्हणून जाणकार माणसं घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवायची. ज्या वस्तूच्या मालकालाच तिची अशी समजूत काढावी लागते, ती वस्तू चोराला काय घाबरवणार?

राहिलं 'छोटं'. "अहो, एवढीशी गोळी, तिने काय होतंय? नुसता धाक," असं भाऊ म्हणतात. 1901 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांना मारलं ते याच पॉइंट बत्तीस बोअरच्या, साडेचार डॉलरच्या रिव्हॉल्व्हरने. 1968 मध्ये रॉबर्ट केनेडी गेले ते त्याहून छोट्या, पॉइंट बावीसच्या स्वस्त रिव्हॉल्व्हरने. बोअर छोटा असला म्हणून माणूस छोटा मरत नाही.

भाऊही काही कच्चे नाहीत. परवा त्यांनी मला ऐकवलं, की 1930 साली खुद्द गांधीजींनी आयर्विनसाहेबापुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत हीसुद्धा एक होती. हे खरं आहे. मी उमरोळी ते पालघर गप्प बसलो. मग गाडीतून उतरल्यावर त्यांना पाचबत्तीपाशी नेलं. 14 ऑगस्ट 1942 ला या गावात गोळीबार झाला आणि पाच जण गेले, त्यांच्या आठवणीचा हा चौक. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगा." भाऊंनी पानपट्टीकडे बघितलं.

पण माझा खरा मुद्दा यांतला कुठलाच नाही. तो मी गाडीत कधी सांगितलेला नाही.

1978च्या पावसाळ्यात मी न कळवता चिंचणीला निघालो. गाडी रखडली, वाणगावला उतरेपर्यंत मध्यरात्र झाली. एका टेम्पोवाल्याने फाट्यावर सोडलं. वाडीचं फाटक आतून बंद, वीज गेलेली. मी कुंपणावरून उडी मारली आणि चिकूच्या झाडांखालून भिजत घराकडे निघालो. ओटीवर मामा उभे होते. त्या आठवड्यात शेजारच्या वाडीत चोरी झाली होती, हे मला ठाऊक नव्हतं. विजेच्या उजेडात मला त्यांचा हात दिसला आणि हातातली ती सुबक वस्तू दिसली. लहानपणी जिच्याकडे मी मागून बघायचो, तिच्याकडे पहिल्यांदाच समोरून बघत होतो. घोडा चढवल्याचा आवाज ऐकू आला. "मामा" म्हणून हाक मारायची, तर तोंडातून शब्द फुटेना.

मला वाचवलं ते पडशाने. आमच्या घराण्याची शिंक प्रसिद्ध आहे. ओळीने तीन, आणि तिसरी शेवटी सूर लावून. आतून मामी ओरडल्या, "अहो, थांबा! हा आपला शिंकतोय!"

मामा ओटीवर मटकन खाली बसले. मामींनी त्यांच्या हातातून ती वस्तू काढून घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवली आणि मला टॉवेल दिला. त्या रात्री आम्हा तिघांपैकी कोणीच झोपलं नाही. मामा आयुष्यभर शूर माणूस म्हणून गावात ओळखले जायचे. पहाटे ते एवढंच म्हणाले, "तुला पडसं नसतं तर?" पुढच्या आठवड्यात ते हत्यार पोलीस ठाण्यात जमा करून आले. चोर काही सापडला नाही. पण आमच्या घरी चोर म्हणून आलेला माणूस आज हा लेख लिहितो आहे.

काल हे सगळं भाऊंना सांगितलं. त्यांचं तारापूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. पूर्वी पगाराच्या दिवशी ते रोख पिशवी घेऊन यायचे, तेव्हा भीती खरी होती. आता पगार मोबाइलवरून जातो. रात्री अकरानंतर त्यांच्या दारात कोण येतं? सेकंड शिफ्टचा मुलगा. तोही किल्ली विसरलेला.

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घेत नाही. पण नुसतं बघायला तर येशील? नळी वाकते म्हणतात ना, ती बघू."

रविवारी जाणार आहोत. दोघांनीही हात मागे बांधूनच बघायचं, असं वहिनींनी बजावलं आहे.