ढावल्याचा अर्थ

लेकीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून दारव्ह्याला आलो. तालुक्यातल्या आमच्या तांड्यावर, अंगणात तिला समोर बसवून माझी याडी, म्हणजे आई, ढावलो शिकवू लागली. बंजारा नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत जे गाते, तो ढावलो. लग्न ठरलं की जाणत्या बाया तिला तो शिकवतात.

"आनंदाच्या दिवशी मी ठरवून का रडू?" लेकीनं मराठीत विचारलं. याडी गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत, संतापली. लेकीला शब्द कळले नाहीत, राग तेवढा कळला.

चूक माझी होती. पुण्यात बिऱ्हाड केलं तेव्हा पोरगी शाळेत मागं पडू नये म्हणून मीच घरात मराठी आणली. गोरमाटी उरली ती याडीशी फोनवर बोलण्यापुरती. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमध्ये आईबाप सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जातात, ते भाषा निसटेल या धास्तीनं. तिथं मराठी निसटतेय, आमच्या घरात मराठीनंच गोरमाटीची जागा घेतली. पोटासाठी गाव सोडलेल्या घरांत हे भांडण असतंच. आईबाप म्हणतात, पोरं ऐकत नाहीत. पोरं म्हणतात, तुम्ही समजून घेत नाही. मला वाटतं, आपण पोरांना रीत सांगतो, तिच्यामागचं दुःख सांगत नाही.

त्या रात्री लेक वही घेऊन याडीजवळ बसली. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही, म्हणून देवनागरीत उतरवू लागली. ओळीओळीला विचारी, "म्हणजे काय?" मी शब्द मराठीत सांगत होते. याडी अडखळली. तिला आजवर कुणी अर्थ विचारलाच नव्हता. मग सांगू लागली. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं. बैलगाडी तांड्याबाहेर पडली तेव्हा माहेर पुन्हा कधी दिसेल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

"मला तर दर महिन्याला येता येईल," लेक हळूच म्हणाली.

याडी थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "मग तुझं जेवढं खरं आहे, तेवढंच म्हण."

लग्नात लेकीनं दोन ओळी गोरमाटीत म्हटल्या, पुढचं मराठीत बोलली. आजीच्या गळ्यात पडल्यावर मात्र तिला रडू आवरेना. माझ्यापाशी आली तेव्हा कानात विचारलं, "आई, तू म्हटला होतास ढावलो?"

म्हटला होता. अर्थ न विचारता.