अपघाताच्या नोंदीत न सापडणाऱ्या बायका



वाहतूक पोलीस म्हटला की शिट्टी आणि पावती एवढेच डोळ्यांपुढे येते. रस्ता सुरक्षितता हा विषयही गाडी चालवणाऱ्यांचा, म्हणजे बहुधा पुरुषांचा, असे आपण धरून चालतो. रस्त्यावरच्या बाईबद्दल बोलताना आपण छेडछाडीबद्दल, अंधाराबद्दल बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण पहाटे धुण्याभांड्यांच्या कामाला निघालेली बाई, मुलाचा हात धरून शाळेकडे चाललेली आई, एस.टी.साठी हमरस्ता ओलांडणारी शेतमजूर या सगळ्या पायी चालतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

त्याच वर्षी हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीवर दगावली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. मागच्या सीटवर बहुतेक वेळा कोण बसते, हे तुम्हाला सांगायला नको. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ पुढच्याला आणि मागच्याला सारखेच लागू आहे. तरी नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायकोच्या डोक्यावर पदर हेच चित्र वर्षानुवर्षे चालले. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू केली, तेव्हा केवढी कुरकुर झाली! घरात दुसरे हेल्मेट आणायचे तर बाईच्या डोक्याची किंमत करावी लागते, आणि तिथेच हात आखडतो.

पण दंड हा पोलिसांच्या कामाचा एक भाग झाला. दुसरा, फारसा न दिसणारा भाग नोंदीचा आहे. अपघात झाला की पोलीस जागेचा पंचनामा करतात, नकाशा काढतात. आता ही माहिती जागच्या जागी संगणकीय नोंदीतही भरली जाते. अशा नोंदींवरूनच धोक्याची ठिकाणे ठरतात. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर जखमींचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर तो पट्टा 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. म्हणजे आधी रक्त सांडायचे, मग रस्ता सरकारला दिसायचा!

माझ्या कामाच्या वस्तीशेजारून एक मोठा रस्ता जातो. तिथल्या बायकांनी बैठकीत आपापल्या भीतीच्या जागा सांगितल्या. आम्ही ती यादी घेऊन वाहतूक शाखेत गेलो. साहेबांनी पहिला प्रश्न केला, "इथे अपघात किती नोंदलेत?" नोंद एकही नव्हती. असणार कशी? बायका तो चौक टाळून लांबच्या वाटेने जातात, मुलींना एकटे सोडत नाहीत. रोजची ही पायपीट कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही. तरीही साहेबांनी ऐकून घेतले. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी एक हवालदार उभा राहू लागला आणि त्या वेळेपुरती अवजड गाड्यांना बंदी झाली. फुटपाथ मात्र अजून झालेला नाही, कारण तो पोलिसांच्या हातात नाही. फुटपाथ, दिवे, गतिरोधक ही कामे नगरपालिकेची किंवा बांधकाम खात्याची.

म्हणूनच एका दारात अर्ज देऊन भागत नाही. पोलीस आणि रस्ते बांधणारी खाती एकत्र बसतात ती जागा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. आपल्या याद्या तिथे पोहोचल्या पाहिजेत. कुठे ओलांडता येत नाही, किती वाजता, कोणाला, हे साध्या वहीत लिहा. सोबत आणखी एक मागणी जोडा. चौकात तासन्‌तास धूर गिळत उभ्या राहणाऱ्या महिला पोलिसांसाठी जवळपास स्वच्छ संडास हवा. रस्त्यावर उभी असलेली तीही एक बाईच आहे.

गाडीवाल्याच्या खोळंब्याची दखल लगेच घेतली जाते. चालणारीच्या वळशाची दखल आपणच घ्यायला लावली पाहिजे. तुमच्या गावातली, वस्तीतली अशी ठिकाणे आम्हाला जरूर लिहून कळवा.