घरचा कारभार : परदेशातली पिन, पाणी आणि भिंत

मुलगा लेस्टरला, मुलगी न्यू जर्सीत आणि आईवडील पार्ल्याला किंवा कोथरूडला, अशी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची मांडणी आता घरोघरी दिसते. वर्षाआड केव्हातरी आईवडिलांच्या पेट्या भरायला लागतात. पेटीत मेतकूट असते, भाजणी असते, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला मिक्सर असतो. नसते ती एकच गोष्ट : ज्या घरात आपण सहा महिने राहायला निघालो, त्या घराची माहिती. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाकरिता हाच विषय घेतला आहे.

मराठीच्या मास्तराने विजेच्या तारांत नाक खुपसायचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण एवढेच, की माझे वडील सांगलीत वायरमन होते आणि माझ्या शाळेच्या बहुतेक सुट्ट्या त्यांची शिडी धरण्यात गेल्या. शब्दांचे व्याकरण मी पुढे एम. ए.ला शिकलो, तारांचे त्याच्या कितीतरी आधी. या दुसऱ्या व्याकरणात चूक झाली तर गुण कापले जात नाहीत, माणूस जातो. आणि गंमत अशी, की हे व्याकरण देशोदेशी बदलते.

पहिला पाठ व्होल्टेजचा. आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची. इंग्लंडात, दुबईत, ऑस्ट्रेलियात तेवढीच. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र ती १२० व्होल्टची. आपली इस्त्री तिकडे लावली तर व्होल्टेज निम्मे म्हणून ऊनही निम्मे मिळेल, असे वाटते. तसे होत नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने उतरते, त्यामुळे पदरात पडते ती जेमतेम पाव. नुकसान मात्र काही नाही. कपडे चुरगळलेले राहतील, इतकेच. धोका उलट्या वाटेने आहे. लेकीने कौतुकाने पाठवलेली तिकडची इस्त्री, केस वाळवायचे यंत्र किंवा दिव्यांची माळ आपण इकडच्या प्लगात लावली, की तिच्यात साडेतीन पटींहून अधिक शक्ती घुसते. मग दिवाळीची रोषणाई व्हायची ती एका क्षणात होऊन जाते.

म्हणून कोणतीही वस्तू लावण्यापूर्वी तिच्या पाठीवरची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असेल, तर ती जगात कुठेही चालते. फक्त पिन बदलणारा अडॅप्टर हवा. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. एकच आकडा असेल तर अडॅप्टरने भागत नाही. अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. ते काम ट्रान्स्फॉर्मरचे. ७५० वॅटच्या मिक्सरला निदान दीड हजार वॅटचा ट्रान्स्फॉर्मर घ्यावा, कारण मोटार सुरू होताना जास्त वीज ओढते. हे धूड घेण्यापेक्षा अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा आपल्या पद्धतीचा मिक्सर घेतलेला बरा. शिवाय तिकडची वीज सेकंदाला ६० आवर्तने घेते, आपली ५०. ट्रान्स्फॉर्मर ती बदलत नाही. मिक्सरला त्याचे सोयरसुतक नसते. पण वेट ग्राइंडरसारख्या यंत्राची मोटार जवळजवळ एक पंचमांश जास्त वेगाने धावू पाहते आणि तापते.

इंग्लंडला जाणाऱ्यांना वाटते, व्होल्टेज सारखे म्हणजे प्रश्न मिटला. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. आपली गोल पिनांची पद्धत मूळची इंग्रजांचीच. पण १९४७ साली त्यांनी तीन चपट्या पिनांचा नवा प्लग काढला आणि हळूहळू गोल पिना घरातून हद्दपार केल्या. आपण त्या जपून ठेवल्या. नव्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून पडदे असतात. वरची अर्थिंगची लांब पिन शिरली की ते उघडतात. लहान मुलांच्या बोटांसाठी केलेली ही सोय. आपली हुशार माणसे काय करतात, तर वरच्या भोकात बॉलपेनाचे टोक खुपसून पडदे उघडतात आणि खाली भारतातली दोन पिनांची वस्तू दाबून बसवतात. वस्तू चालतेही, म्हणून ही युक्ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

ही युक्ती कृपा करून वापरू नका. इंग्रजी प्लगच्या पोटात एक चिमुकला फ्यूज असतो, ३, ५ किंवा १३ अँपिअरचा. त्या घरातल्या सॉकेटांची मुख्य तार बहुधा ३२ अँपिअरपर्यंत वीज वाहू देते. आपल्या वस्तूची वायर बारीक, एवढा भार तिला पेलणारा नाही. प्लगातला फ्यूज तिचा राखणदार. पेनाच्या युक्तीने तुम्ही या राखणदाराला दाराबाहेर उभे करता. मग बिघाड झाला की वायर लाल होईपर्यंत मुख्य पेटीला पत्ताच लागत नाही. शिवाय पिना सैल बसतात, ठिणग्या उडतात. बाजारात फ्यूज असलेला अडॅप्टर मिळतो, तो घ्यावा. किंवा प्लगच बदलून घ्यावा. फ्यूजचा हिशेब सोपा आहे. ७५० वॅटला २३०ने भागा, सव्वातीन अँपिअर येतात. ३चा फ्यूज अपुरा, ५चा पुरे. १३चा बसवला म्हणजे वस्तू जास्त जोमाने चालते, हा निव्वळ भ्रम.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, रंगांचा. आपल्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल तार जिवंत, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. इंग्लंडच्या जुन्या घरांत तेच रंग सापडतात. मात्र २००६ पासूनच्या नव्या कामात तपकिरी जिवंत, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. एकाच घरात दोन्ही पिढ्या नांदत असतात. अमेरिकेत तर काळी तार जिवंत आणि पांढरी न्यूट्रल! सांगलीत किंवा दादरला उभा जन्म ‘काळी म्हणजे निर्धोक’ असे घोकलेला माणूस न्यू जर्सीत दिवा बदलायला शिडीवर चढतो, तेव्हा त्याचे पाठांतरच त्याच्या जिवावर उठते. वडील म्हणत, “रंगावर विश्वास ठेवू नकोस, टेस्टरवर ठेव, आणि टेस्टरवरही आधी चालू तारेवर लावून पाहिल्यानंतरच.” परदेशात मी यात भर घालीन, की बल्ब आणि फ्यूज यांच्यापलीकडे हात घालूच नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवी लाइन ओढणे किंवा मुख्य पेटी बदलणे यांसारखे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करवून घ्यावे लागते किंवा स्थानिक बांधकाम खात्याला कळवावे लागते. मजुरीचा आकडा ऐकून घाम फुटतो, हे खरे. पण तो घाम परवडला.

पाण्याकडे वळू. आपली न्हाणी म्हणजे उताराची फरशी आणि कोपऱ्यात मोरी. इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत न्हाणीघर वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची आणि मोरी नावालाही नाही. पाणी टबाबाहेर सांडायचेच नाही, असे गृहीत धरलेले. माझ्या आतेबहिणीच्या सासूबाई लेस्टरला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी सवयीप्रमाणे दोन बादल्या ओतून न्हाणीघर खराट्याने लख्ख धुऊन निघाल्या. खाली दिवाणखान्यात छताच्या दिव्यातून पाणी ठिबकू लागले. बहिणीने दिव्याच्या बटणाला हात न लावता थेट मुख्य स्विच पाडला, हे तिचे शहाणपण. सासूबाईंचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. तेव्हा बादली-तांब्याची आंघोळ खुशाल करा, पण टबात उभे राहून. पडदा टबाच्या आत सोडा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसा.

थंडीत दुसरे संकट. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि नळ फुटतो. मुलेबाळे हिवाळ्यात महिनाभर इकडे येतात, बिल वाचवावे म्हणून घराची हीटिंग बंद करतात आणि परत जाऊन पाहतात तो घराचे तळे. हीटिंग १३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू देऊ नये आणि निघताना पाण्याची मुख्य तोटी बंद करावी. इंग्लंडात ही तोटी बहुधा स्वयंपाकघराच्या सिंकखाली असते; अमेरिकेच्या थंड भागात तळघरात. फराळाच्या कढईतले तेल तर सिंकमध्ये ओतूच नका. थंड पाइपात ते चरबीसारखे थिजते.

भिंतींबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या भिंती बहुधा लाकडी खांब आणि त्यांवर जिप्समचे पत्रे अशा असतात. आपल्यासारखा खिळा ठोकून देव्हारा टांगला, तर देव पत्र्यासह खाली येतील. खांब सहसा मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतात. तो शोधून त्यातच स्क्रू बसवावा. आणि स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, खाली वा आडव्या रेषेत कधीही भोक पाडू नये. तारा त्याच वाटेने जातात.

शेवटी फोडणी. मोहरी तडतडली की छतावरचे धुराचे यंत्र किंचाळू लागते, आणि मग कुणीतरी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढते. ती काढलेली बॅटरी ड्रॉवरात पडून राहते. रात्री तारेने पेट घेतला तर लाकडी घराला जागे करणारे कुणी उरत नाही. त्यापेक्षा पंखा लावा, खिडकी उघडा. फारच त्रास होत असेल तर स्वयंपाकघरापुरते धुराऐवजी उष्णतेवर वाजणारे यंत्र बसवून घ्या.

तेव्हा परदेशी मुलाच्या घरी पोचलात, की चहा झाल्यावर त्याला पाच गोष्टी दाखवायला सांगा : विजेचा मुख्य स्विच कुठे, पाण्याची मुख्य तोटी कुठे, गॅस कुठे बंद होतो, धुराचे यंत्र चालू आहे का आणि घरमालकाचा किंवा कारागिराचा फोन कुठे लिहिला आहे. पुष्कळदा असे होते, की त्यालाही यातले दोनच माहीत असतात. मग दोघे मिळून उरलेले तीन शोधा. सुनेपुढे फुशारकी मारायला एवढे पुरेसे आहे, आणि रात्री झोपही शांत लागते.

वाचकांना, इथल्या आणि तिथल्या, दीपावली सुखाची जावो.