निष्ठुर नव्हे, रुग्ण

‘आई रडते, तरी हा दगडासारखा बसून राहतो,’ अशी तक्रार स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे नातलग वैद्यांपुढे मांडतात. हा निष्ठुरपणा नव्हे. समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव, विशेषतः भीती, ओळखणे या रुग्णांस जड जाते. भावांचा अर्थ लावणाऱ्या अमिग्डालादी मेंदूकेंद्रांचे कार्य त्यांच्यात बदललेले आढळते. काहींना तर निर्विकार चेहराही धमकावणारा भासतो. चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान यांचा विभ्रम सांगितला आहे. परंतु तेवढ्यावरून दोन्ही व्याधी एकच मानू नयेत. प्रचलित औषधांनी भास व संशय आटोक्यात येतात, ही उणीव मात्र फारशी भरून निघत नाही. वैद्यबंधूंनी नातलगांस सांगावे, ‘दुःख झाले तर ते शब्दांत बोला.’ आणि चालू गोळ्यांऐवजी ब्राह्मीघृत मागणाऱ्यास औषधविक्रेत्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.