ताईचा खेळ



आमच्या ठाणे-डोंबिवलीच्या थंडीला निफाड-नाशिकच्या मैत्रिणी हसतील. तरीही जानेवारीतल्या पहाटे कल्याणच्या पुढे बदलापूरकडे पारा मुंबईपेक्षा चांगलाच उतरतो, आणि चाळीतल्या गार लादीवर अनवाणी उभे राहणाऱ्याला आकडे सांगावे लागत नाहीत.

अशाच एका सकाळी डोंबिवली पूर्वेला गृहभेटीला गेले होते. आठ वाजले होते. आई साडेसहाच्या लोकलने ठाण्याला पोळ्या लाटायला गेलेली, वडील रात्रपाळीहून यायचे होते. घरात दोघेच, नऊ वर्षांची बहीण आणि चार वर्षांचा भाऊ. तिची शाळा दुपारची. खिडकीतून मला नीट न्याहाळून मगच तिने कडी काढली.

पहिल्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली. गुंडाळलेल्या गाद्यांची लोकल झाली होती. भाऊ मोटरमन. बहीण एकदा फलाटावरची घोषणा करी, एकदा पर्स सांभाळत धावत गाडी पकडणारी बाई होई, आणि मोटरमनलाच सरकवून चौथी सीट मागे. मग 'दगड का माती' सुरू झाले. उशा म्हणजे दगड, लादी म्हणजे माती. त्यानंतर जुन्या चादरीवर भावाला बसवून तिने त्याला खोलीभर ओढले. मीही फाइल बाजूला ठेवून एक फेरी ओढली, हे कबूल करते. अर्ध्या तासात दोघांचे स्वेटर कोपऱ्यात पडले. खालच्या खोलीतून कुणीतरी छताला दांडा ठोकला, तर ती भावावर ओरडली नाही. "आता आपण मांजर," एवढेच म्हणाली, आणि दोघे चवड्यांवर चालू लागले. बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हांला हे शिकवायला दोन सत्रे लागतात!

पण त्या अर्ध्या तासात ती खेळातून सात वेळा बाहेर आली. मी मोजले. दूध उतू जाताना उशीवरून थेट गॅसकडे उडी. भावाचे नाक पुसणे. त्याला शी-शूला नेऊन आणणे. नळाला पाणी आले म्हणून बादली लावणे, ती भरल्यावर काढणे. वडिलांसाठी दार उघडणे, मग त्यांचा चहा. भाऊ एकदाही बाहेर आला नाही. त्याचा खेळ सलग होता, तिचा खेळ कामांच्या फटींत बसवलेला होता.

तू एकटी असतीस तर काय खेळली असतीस, असे मी विचारले. उत्तर तयार होते. "लंगडी. गॅलरीत, मोठ्या मुलींबरोबर. याला घेऊन नाही जमत. हा आऊट झाला की रडतो."

आपल्या बैठकांत आया कौतुकाने सांगतात, "माझी मुलगी फार समजूतदार, भावाला छान सांभाळते." आपणही माना डोलावतो. भाऊ जन्मला त्या दिवशी पाच वर्षांची पोर ताई झाली, आणि त्या शब्दाबरोबर एक विनावेतन नोकरी आली. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७. या पाहणीत सहा वर्षांपासूनची माणसे धरली आहेत. म्हणजे त्या २९९मध्ये आपली ही ताईही आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. बादली उचलून दम लागतोच, पण त्याला खेळ म्हणायचे का?

यात आईला दोष देणे सोपे आणि खोटे आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवे, असे मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने ठरवले. पोळ्या लाटणाऱ्या चार बायकांच्या खोलीला ती अट लागू होत नाही. खाजगी पाळणाघराची फी भरली तर पगारातले उरणार काय?

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी कुणीतरी ओळखला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. (हा भाग २०१४पासून पालघर जिल्ह्यात आहे.) आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नसत, कारण काखेत धाकटे भावंड असे. ताराबाईंनी मुलींना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकट्याची सोय झाली की थोरली आपोआप मोकळी होते, इतका साधा हिशेब. मुलांच्या खेळण्याच्या हक्काला मान्यता देणारा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १९९२ साली स्वीकारला. कोसबाडला त्याची वाट पाहावी लागली नाही.

आपल्या गटांच्या खोल्या सकाळी बंद असतात. आठ ते दहा त्या उघडता येतील. एक दोरी, चार पोती, जुन्या चादरी, एवढे पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलग्यांनी पाळीपाळीने धाकट्यांना सांभाळावे, आणि तेवढा वेळ मुलींनी लंगडी घालावी. मुलगे येणार नाहीत, असे कार्यकर्त्या आताच म्हणू लागल्या आहेत. येणार नाहीत की आपण त्यांना कधी सांगितलेच नाही? माझ्या मते दुसरे.

८ मार्चच्या तयारीच्या बैठकीत हा विषय घ्यायचा आहे. तुमच्या वस्तीत खोली कोणती, किल्ली कुणाकडे, हे विचारून या. मुलींनाही आणा. मात्र त्या वेळी धाकट्यांना कोण बघणार, ते घरी आधी ठरवून या.